आयोवा सिटीतले पाहुणे लेखक, त्यांची रीडिंग्ज आणि वर्कशॉप्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी ऑगस्ट लागला की मला मेसेज यायला सुरुवात होते. सीडर रॅपिड्सला नोकरी करणारी मराठी मंडळी, इथे शिकायला आलेली मुलं, पुण्या-नाशिककडचे कवी, एखाद्या कॉलेजातले मराठीचे सर, आणि सगळ्यांचे प्रश्न जवळपास तेच. म्हणून जे सारखे येतात ते इथे एकत्र केलेत. मी युनिव्हर्सिटी ऑफ आयोवाची कर्मचारी नाही, अमेरिकेतल्या या आयोवा सिटीत राहते आणि रीडिंगला, म्हणजे लेखक आपलं लिखाण लोकांसमोर वाचतात त्या कार्यक्रमांना, जाते एवढंच, त्यामुळे तारखा-वेळा दर सीझनला त्यांच्या कॅलेंडरवर बघून घ्या.

१. हे आयोवाचं नक्की काय आहे? सगळे "आयोवाला बोलावलं" म्हणतात म्हणजे काय?

युनिव्हर्सिटी ऑफ आयोवाचा इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅम आहे, सगळे आयडब्ल्यूपी म्हणतात. १९६७ साली पॉल एंगल हा अमेरिकन कवी आणि ह्वालिंग निए ही चीनमध्ये जन्मलेली, तैवानमधून इथे आलेली कादंबरीकार, या दोघांनी तो सुरू केला. कल्पना निएबाईंची होती आणि एंगलना ती आधी वेडेपणाची वाटली होती असं इथे सगळे सांगतात. जगभरातून लिहिणारी माणसं बोलवायची, शरद ऋतूत अडीच-तीन महिने एका छोट्या गावात ठेवायची, त्यांनी लिहायचं, लोकांसमोर वाचायचं, वर्गात बोलायचं, एकमेकांशी भांडायचं आणि घरी जायचं, डिग्री नाही, परीक्षा नाही. आजवर १६० हून जास्त देशांतले १६०० च्या वर लेखक येऊन गेलेत. ओरहान पामुक १९८५ मध्ये आले होते, हान कांग १९९८ मध्ये, मो यान २००४ मध्ये, आणि तिघांनाही नोबेल नंतर मिळालं. म्हणजे इथल्या लोकांनी त्यांना ऐकलं तेव्हा बाकी जगात फार कमी लोक त्यांना ओळखत होते, आणि मला याच गोष्टीचं सगळ्यात जास्त अप्रूप आहे. १९७९ साली चीन आणि तैवानकडचे लेखक एकमेकांशी बोलूही शकत नव्हते तेव्हा निएबाईंनी त्यांना इथे एका टेबलाशी बसवलं होतं. त्या २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आयोवा सिटीतच गेल्या, ९९ वर्षांच्या होत्या.

२. मग आयोवा रायटर्स वर्कशॉप म्हणजे हेच ना?

नाही! हा गोंधळ सगळ्यात जास्त होतो आणि यापायी लोक भलत्याच ठिकाणी फॉर्म भरतात. रायटर्स वर्कशॉप १९३६ पासूनचं आहे, ती दोन वर्षांची एमएफए, म्हणजे सर्जनशील लेखनातली पदव्युत्तर डिग्री आहे, कथा-कादंबरी किंवा कविता यातलं एक निवडून अ‍ॅडमिशन घ्यायची, त्यासाठी विद्यार्थी म्हणून रीतसर अर्ज करायचा. आयडब्ल्यूपी म्हणजे आधीच लिहिती असलेली माणसं पाहुणी म्हणून येतात. इमारतीसुद्धा वेगळ्या, वर्कशॉप डे हाउसमध्ये आणि आयडब्ल्यूपी क्लिंटन स्ट्रीटवरच्या शॅम्बॉ हाउसमध्ये, दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर. नॉनफिक्शन आणि साहित्य-अनुवाद यांच्या एमएफए आणखी वेगळ्या. तुम्ही विशीत असाल आणि लिहायला शिकायचं असेल तर एमएफए बघा, पुस्तक आलेलं असेल तर प्र. ८ वाचा.

३. रीडिंगला कोणीही जाऊ शकतं का? तिकीट किती? युनिव्हर्सिटीचं ओळखपत्र लागतं का?

कोणीही, फुकट, आणि ओळखपत्र कोणी विचारत नाही. हे मी दरवर्षी सांगते तरी आपली माणसं दाराशी घुटमळतात, "आम्ही काही साहित्यातले नाही हो" म्हणतात. अहो तिथे रिटायर्ड नर्स येतात, शेतकरी येतात, लायब्ररीत सहज आलेले आजोबा येतात. या कार्यक्रमांचा मूळ हेतूच गावाने ऐकावं हा आहे.

४. कुठे असतं आणि कधी?

सीझन साधारण ऑगस्टअखेर ते नोव्हेंबरची सुरुवात. रविवारी दुपारी चारच्या सुमाराला डबुक स्ट्रीटवरच्या प्रेअरी लाइट्स या पुस्तकाच्या दुकानात वरच्या मजल्यावर रीडिंग, शुक्रवारी दुपारी गावच्या पब्लिक लायब्ररीत परिसंवाद, शुक्रवारीच संध्याकाळी शॅम्बॉ हाउसमध्ये छोटी रीडिंग्ज, अशी घडी बऱ्याच वर्षांपासूनची आहे. प्रेअरी लाइट्स १९७८ पासूनचं दुकान आहे, वर कॉफी मिळते, लवकर जा म्हणजे बसायला मिळेल आणि तेवढ्यात दोन पुस्तकं चाळून होतात.

बाहेरगावाहून येत असाल तर शनिवारी युनिव्हर्सिटीच्या टीमची अमेरिकन फुटबॉलची होम मॅच आहे का ते आधी बघा. त्या दिवशी किनिक स्टेडियममुळे गाव काळ्या-पिवळ्या रंगाने भरून जातं, पार्किंग नाही, हॉटेलं नाहीत, आणि असतील त्यांचे दर ऐकून घाम फुटतो. जवळचा विमानतळ सीडर रॅपिड्स, गाडीने अर्धा तास. शिकागोहून ड्राइव्ह केलं तर साधारण चार तास, दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन. कॅम्पसमधली कॅम्बस नावाची बस सगळ्यांना फुकट आहे.

५. एका रीडिंगमध्ये नेमकं काय होतं?

एक तासाचा मामला. दोन किंवा तीन जण वाचतात, बहुतेक वेळा एखादा पाहुणा लेखक आणि जोडीला वर्कशॉपचा एखादा विद्यार्थी. प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटं. आधी ओळख, तीही मोजकी. आपल्याकडे सत्कार, शाल, श्रीफळ, अध्यक्षीय मनोगत यात पाऊण तास जातो आणि कवीला "वेळेअभावी दोनच कविता" म्हणतात, तसं इथे बिलकुल होत नाही, वेळ लेखकाच्या वाचण्यासाठीच असतो हे मला फार आवडतं. लेखक आधी दोन-चार मिनिटं आपल्या भाषेत वाचतो, मग इंग्रजी, कधी स्वतः, कधी अनुवाद करणारी विद्यार्थिनी वाचते. शेवटी प्रश्न. पुस्तक असेल तर सही.

बघण्यासारखं काय, तर मूळ भाषेतली पहिली दोन मिनिटं. समोरच्या खुर्च्यांवर कोणालाच ती भाषा येत नसते तरी खोकल्याचा आवाज येत नाही, लोक कागद खाली ठेवून वाचणाऱ्याच्या तोंडाकडे बघत असतात, आणि मग इंग्रजीत तीच ओळ आली की मान हलते, अच्छा, तो जो सारखा येत होता तो आवाज म्हणजे नदी होती तर.

६. माझं इंग्रजी बेताचं आहे. आणि प्रश्न विचारायला लावले तर?

कोणी लावत नाही. आणि येणाऱ्या लेखकांपैकी अनेकांचं इंग्रजीही अडखळतच असतं, म्हणून तर सगळे हळू बोलतात. प्रश्न विचारायचाच असेल तर लहान आणि जे ऐकलं त्याबद्दलचा विचारा. "त्या आजीला नाव का नाही दिलंत" हा उत्तम प्रश्न आहे. "तुमच्या देशातल्या परिस्थितीबद्दल काय वाटतं" यावर त्या बिचाऱ्याला घरी परत जायचंय हे लक्षात असू द्या. काही जण अशा देशांतून येतात जिथे इथलं एक वाक्य तिकडे महागात पडतं.

७. मराठी लेखक कधी आलेत का?

हो, दिलीप चित्रे. १९७५ ते १९७७ ते आयडब्ल्यूपीमध्ये होते, म्हणजे आताच्या तीन महिन्यांपेक्षा कितीतरी जास्त. इथल्या मुक्कामातून आलेल्या त्यांच्या इंग्रजी कविता १९८० साली पुस्तकरूपात निघाल्या. आणि तुकारामांचे अभंग इंग्रजीत नेण्याचं काम त्यांनी आयुष्यभर केलं, ते पुस्तक १९९१ चं. भारतातले बाकीचेही बरेच, बंगालीतले शंख घोष अगदी सुरुवातीच्या वर्षांत, इंग्रजीतले अरविंद कृष्ण मेहरोत्रा १९७१ ते ७३, हिंदीतले श्रीकांत वर्मा. सुनील गंगोपाध्याय त्याच्याही आधी, आयडब्ल्यूपी नव्हतंच तेव्हा, एंगलच्या बोलावण्यावरून येऊन गेले होते.

मराठीची गर्दी मात्र कधी झाली नाही. गुणवत्ता कमी म्हणून हे झालं असं मला अजिबात वाटत नाही. इंग्रजीत दाखवायला वीस पानं तयार नसतात, ही खरी अडचण आहे. बघा प्र. १२.

८. मला यायचंय. अर्ज कुठे करायचा?

एमएफएसारखा ऑनलाइन फॉर्म भरून, फी भरून, असं इथे नाही. लेखकाचं नाव कोणीतरी पुढे करावं लागतं आणि खर्च कोणीतरी उचलावा लागतो. बरीच वर्षं मोठा रस्ता होता तो अमेरिकी दूतावास आणि कॉन्सुलेटमधून, ते नावं सुचवायचे आणि परराष्ट्र खातं पैसे द्यायचं. त्याचं २०२५ मध्ये काय झालं ते प्र. ९ मध्ये. दुसरा रस्ता म्हणजे एखादी सांस्कृतिक संस्था, फाउंडेशन, किंवा आपल्या देशातलं सरकारी खातं.

अपेक्षा काय असतात? किमान एक पुस्तक आलेलं असावं, किंवा नवे असाल तर चांगल्या नियतकालिकांत गेल्या एक-दोन वर्षांत ठळकपणे छापून आलेलं असावं. संवाद साधण्याइतकं इंग्रजी हवं, फाडफाड नको. इंग्रजीत वाचता येईल असा नमुना हवा. आणि वेगळ्या मतांच्या माणसांबरोबर तीन महिने राहायची तयारी हवी, हे लेखी अपेक्षांमध्येच असतं आणि ते बरोबरच आहे.

माझा सल्ला एवढाच की ताकाला जाऊन भांडं लपवू नका. ज्यांना विचारायचं त्या ज्येष्ठ लेखकाला, संस्थेला, प्रकाशकाला सरळ सांगा की मला इथे जायचंय, माझं नाव सुचवाल का. आपल्याकडे "बोलावणं आलं तर जाऊ" म्हणून बसणारे फार चांगले लेखक आहेत आणि त्यांना बोलावणं कधीच येत नाही.

९. पैसे कोण देतं? ते बंद झालं असं ऐकलं, खरं का?

अर्धं खरं. २०२५ च्या फेब्रुवारीअखेरीस अमेरिकी परराष्ट्र खात्याने आयडब्ल्यूपीला दिलेली अनुदानं थांबवली, साधारण दहा लाख डॉलरच्या आसपासची रक्कम. त्याचा पहिला फटका तरुण मुलांना बसला, उन्हाळ्यातला मुलांचा कार्यक्रम आणि ऑनलाइन कोर्स बंद करावे लागले. शरद ऋतूची रेसिडेन्सी, म्हणजे लेखकांचा इथला मुक्काम, मात्र देणग्या आणि इतर संस्थांच्या पैशावर चालू ठेवायचं ठरलं, कमी लेखकांनिशी. आधी तीसेक जण यायचे.

मला याचं मनापासून वाईट वाटलं. ज्या देशात छापायला मनाई आहे तिथल्या माणसाला तीन महिने शांतपणे लिहायला मिळणं ही किती मोठी गोष्ट आहे, आणि एका देशाच्या बजेटमध्ये ती किती छोटी रक्कम आहे. इथे राहणाऱ्या मराठी माणसांनी दिवाळीच्या एका कार्यक्रमाइतके पैसे जरी दरवर्षी या कामाला दिले तरी चालेल असं मी उघड म्हणते, कोणाला राग आला तरी.

१०. समजा निवड झाली. मराठीत वाचू की इंग्रजीत?

दोन्ही, पण सुरुवात मराठीतच. आणि मराठी भाग कापू नका! नवे लेखक "त्यांना कुठे कळणार" म्हणून चार ओळींत उरकतात. पंधरा मिनिटांपैकी चार मिनिटं मराठी द्या, अकरा इंग्रजी. मराठी गद्य शांतपणे वाचलं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे चारशे-पाचशे शब्दांचा तुकडा निवडा. ओवी, अभंग, लोकगीताच्या चालीचं काही असेल तर फारच छान, कारण लय अनुवादाशिवाय पोचते. घरी मोठ्याने, घड्याळ लावून वाचून बघा. मनातल्या मनात वाचलेलं नेहमी लवकर संपतं आणि माइकसमोर तेच वीस मिनिटं खातं.

कविता वाचायच्या असतील तर प्रत्येक कवितेआधी ती समजावून सांगू नका, एक वाक्य पुरे. "हे आमच्याकडे दुष्काळात होतं" एवढं सांगितलं की लोक बरोबर येतात, हा शेतीचाच मुलूख आहे, पाऊस न येणं इथल्यांना समजावून सांगावं लागत नाही.

११. वर्गात बोलायला सांगतात म्हणे. तिथे काय बोलायचं?

हो, इंटरनॅशनल लिटरेचर टुडे नावाचा पदवीच्या मुलांचा कोर्स आहे, त्यात पाहुणे लेखक आपापल्या साहित्याबद्दल बोलतात. समोर एकोणीस-वीस वर्षांची मुलं, त्यातली निम्मी इंजिनिअरिंग किंवा नर्सिंगवाली असू शकतात. मराठी हे नाव त्यांनी बहुधा ऐकलेलं नसतं. "बाराव्या शतकापासूनची परंपरा" इथून सुरू केलंत तर पाचव्या मिनिटाला मुलं गेली. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते, म्हणजे जर्मनीच्या लोकसंख्येएवढे, इथून सुरू करा, डोळे मोठे होतात. मग एक गोष्ट निवडा. एकच. तुकाराम घ्या नाहीतर १९७२ ला दलित पँथर उभी राहिली आणि कवीच रस्त्यावर होते ते घ्या, नाहीतर साठच्या दशकात पदरमोड करून सायक्लोस्टाइलवर काढलेली लिटल मॅगझिन्स घ्या. त्यावर पंधरा मिनिटं, मग एक पान वाचा, मग मुलांना विचारू द्या. पँथरबद्दल सांगितलंत तर अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचा प्रश्न येणारच, आणि नाव तिथूनच घेतलेलं असल्यामुळे उत्तरही तुमच्याकडेच आहे, त्या चर्चेला तास पुरत नाही.

१२. माझ्या लिखाणाचं इंग्रजी भाषांतरच नाहीये. मग?

मग आजपासून करायला घ्या, बोलावण्याची वाट बघू नका. आख्खी कादंबरी नको, वीस चांगली पानं हवीत. नात्यातल्या "इंग्रजी चांगलं असलेल्या" कोणाकडून फुकटात करून घेण्याचा मोह आवरा. अनुवाद करणाऱ्याला मराठी बोलीभाषा कळली पाहिजे आणि इंग्रजीत कविता-कथा वाचायची सवय पाहिजे, या दोन्ही गोष्टी असलेला माणूस शोधा आणि त्याला मानधन द्या. इथे आल्यावर अनुवादाचं एमएफए करणाऱ्या मुलांबरोबर जोडीने बसायची वर्कशॉप्स असतात, तिथे मुलाला मराठी येत नसली तरी तुम्ही ओळीनओळ समजावता आणि तो इंग्रजी घडवतो. ते फार सुंदर काम आहे. "वहिनी" ही हाक इंग्रजीत कशी न्यायची यावर अर्धा तास घालवणारी माणसं तुम्हाला दुसरीकडे कुठे भेटतील? पण ते इथे आल्यानंतरचं, येण्यासाठी नमुना आधीच लागतो.

१३. मी आयोवातच राहतो आणि कविता करतो. पाहुण्या लेखकाला दाखवू का? वर्कशॉपमध्ये बसता येईल?

रीडिंग संपल्यावर फाइल हातात देऊ नका, कृपा करून. माणूस दमलेला असतो आणि नाही म्हणू शकत नाही. गप्पा मारा, ओळख झाली तर तोच विचारेल. एमएफएच्या वर्कशॉपमध्ये बाहेरच्यांना बसता येत नाही, कारण तिथे दहा-बारा मुलांचं कच्चं लिखाण आधी वाटलेलं असतं आणि ते बाहेर जाऊ नये अशी समजूत असते. तिथली पद्धत म्हणजे लिहिणाऱ्याने गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी मजकुरावर बोलायचं, ही तुम्ही चार मित्र मिळून घरीही करू शकता, कविसंमेलनात वाहवा घेण्यापेक्षा शंभर पटीने उपयोगी पडते.

१४. मी भारतीय, पण अमेरिकेत नोकरीला आहे. मराठीत दोन पुस्तकं आहेत. मला पाहुणा लेखक म्हणून घेतील का?

बहुतेक नाही. रेसिडेन्सी अमेरिकेबाहेर राहणाऱ्या लेखकांसाठी आहे. तुमच्यासाठी श्रोता म्हणून सगळं खुलं आहे (प्र. ३), आणि लायब्ररीशी बोलून स्वतंत्रपणे मराठी-इंग्रजी वाचन ठेवायला कोणी अडवत नाही.

१५. व्हिडिओ काढून फेसबुक लाइव्ह केलं तर चालेल?

लेखकाला विचारल्याशिवाय नाही, कारण प्र. ६ मध्ये सांगितलंय. बऱ्याच रीडिंग्जचं अधिकृत रेकॉर्डिंग युनिव्हर्सिटीच्या ऑनलाइन आर्काइव्हमध्ये असतं, जुनीही ऐकायला मिळतात, ते शेअर करा.

१६. लहान मुलांना आणू का?

आठ-नऊ वर्षांपुढची असतील तर जरूर. मजकूर मात्र मोठ्यांचा असू शकतो, युद्ध, हिंसा, सगळं येतं, तेव्हा तुमचं तुम्ही ठरवा. त्यापेक्षा लहान असतील तर आयोवा अ‍ॅव्हेन्यूवर फुटपाथमध्ये लेखकांच्या ओळी कोरलेल्या ब्राँझच्या पाट्या बसवल्यात, तिथे फिरवा. पाट्यांवरून उड्या मारत वाचायला मुलांना आवडतं.

१७. असं काही आपल्याकडे, महाराष्ट्रात किंवा गोव्यात नाही का?

गोवा विद्यापीठात आहे. राज्य सरकारच्या मदतीने तिथे अभ्यागत प्राध्यापकांची अध्यासनं आहेत, एक बाकीबाब बोरकरांच्या नावाने तौलनिक साहित्याचं. बाहेरचे विद्वान आणि लेखक येऊन छोटे कोर्स घेतात आणि गावातल्या लोकांनाही त्यात बसता येतं, हे फार मोलाचं आहे. महाराष्ट्रात विद्यापीठांत व्याख्यानं होतात, लेखक आपल्या भेटीला वगैरे होतं, पण लेखक दोन-तीन महिने कॅम्पसवर राहतोय, मुलं कँटीनमध्ये त्याला गाठतायत, हे दिसत नाही. त्यासाठी खूप पैसे लागतात असं नाही. विद्यापीठाच्या गेस्ट हाउसमधली एक खोली, जेवण, थोडं मानधन, आठवड्याला एक वाचन आणि दार उघडं. कन्नड, कोकणी किंवा गुजराती लेखकाला कोल्हापूर-सोलापूरकडे नुसतं एक सेमिस्टर ठेवून घ्यायला काय हरकत आहे? कोणी प्राध्यापक हे वाचत असतील तर विभागाच्या पुढच्या मीटिंगमध्ये एवढा एक विषय मांडा.

१८. मराठी किंवा भारतीय लेखक आला तर घरी जेवायला बोलावता येतं का?

येतं, आणि बोलवाच. थेट हॉटेलवर जाऊन दार वाजवू नका, रीडिंगनंतर भेटून विचारा नाहीतर आयडब्ल्यूपीच्या ऑफिसला ईमेल करा. पूर्वी लेखक मेफ्लॉवर नावाच्या इमारतीत राहायचे, तिथे स्वयंपाकाची सोय होती, नंतर बरीच वर्षं नदीकाठच्या आयोवा हाउस हॉटेलात उतरायचे, आणि हॉटेलच्या खोलीत वरण-भात होत नाही. तिसऱ्या आठवड्यात माणूस सँडविचला कंटाळतो. न्यायला-आणायला गाडी तुम्हीच न्या, ऑक्टोबरनंतर रात्री थंडी जोरात असते आणि आपल्याकडून आलेल्या माणसाकडे जाड जॅकेट असेलच असं नाही, एखादं जास्तीचं गाडीत ठेवा. वीस जणांना बोलावून त्याला कविता म्हणायला लावू नका. चार माणसं, पोळी-भाजी, आणि त्याच्या बरोबरीने आलेल्या एखाद्या परदेशी लेखकालाही बोलवा, तोही तितकाच घर सोडून आलेला असतो. आणि तिखट बेताचं ठेवा.